आईचा खांदा आखडलाय, फ्रोझन शोल्डर असेल का? नाशिकमध्ये कुणाला दाखवू?

सिडकोकर:
नमस्कार मंडळी, आई ६६ ची आहे, आठ वर्षांपासून शुगर. दिवाळीनंतर डावा खांदा दुखायला लागला, आम्हाला वाटलं थंडीनं असेल, पण आता महाशिवरात्र आली तरी दुखतोच आणि हात वर जाईनासा झालाय. वेणी घालता येत नाही, त्या कुशीवर वळली की कळ येऊन उठून बसते. एका मालिशवाल्याने हात धरून ओढला तर दोन दिवस रडत होती, मला फार वाईट वाटलं. शेजारच्या काकू म्हणतात आपोआप सुटतो. थांबू का? लांब गंगापूर रोडच्या दवाखान्यात रोज नेणं जमणार नाही.

पंचवटीतली मावशी:
अरे आधी ती मालिश बंद कर, ओढाओढ अजिबात नको. मला ५८ व्या वर्षी झालं होतं, मलाही शुगर आहे. आधी नुसतं दुखणं, मग दुखणं कमी पण खांदा जाम, मग हळूहळू सुटला, सगळं मिळून दीड वर्ष गेलं. सुटतो हे खरं पण नुसतं बसून राहिलं तर खूप वेळ जातो आणि थोडा आखडलेला राहूही शकतो. ऑर्थोपेडिकला एकदा दाखव, पुढचा फिजिओ मात्र घराजवळचा बघ, सिडको-इंदिरानगरमध्ये भरपूर आहेत. मी लांबचा धरला होता, रिक्षाच्या धक्क्यांनीच जास्त दुखायचं.

फिजिओ_नाशिकरोड:
घरी एक बघा. आईंना झोपवून कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा आणि कोपरापुढचा हात हळूच पोटापासून दूर, बाहेरच्या बाजूला वळवा, उजव्या हाताशी तुलना करा. तुम्ही वळवूनही वळत नसेल तर फ्रोझन शोल्डरची शक्यता जास्त, कारण सांध्याभोवतीचं आवरणच जाड आणि घट्ट झालेलं असतं. स्वतःहून हात उचलत नाही पण तुम्ही उचलला की सहज वर जातो असं असेल तर खांद्याचा स्नायू हाडाला जोडणारा कंडरा फाटलेला असू शकतो, या वयात ते खूप दिसतं. फ्रोझनमध्ये एक्सरे बहुतेक नॉर्मलच येतो, तरी काढतात कारण सांध्याची झीज बघायची असते. आणि डावा खांदा आहे म्हणून सांगतो, चालताना दुखणं वाढतं, घाम येतो किंवा दम लागतो असं काही असेल तर खांद्याचं नंतर, आधी ईसीजी.

इंदिरानगरवाला:
माझ्या सासऱ्यांना सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, आठवड्यात झोप लागायला लागली, पण शुगर चार-पाच दिवस बरीच वाढली होती, तेव्हा शुगरच्या डॉक्टरांना आधी विचारा. ऑपरेशनची घाई नको. २०२० साली लॅन्सेटमध्ये ब्रिटनमधल्या ५०३ पेशंटचा अभ्यास आला होता, त्यात इंजेक्शन आणि फिजिओ, भूल देऊन खांदा मोकळा करणं आणि दुर्बिणीचं ऑपरेशन यात वर्षभरानंतर कुठलंच ठळक सरस ठरलं नाही. आणि दुखण्याच्या गोळ्या मनाने रोज देऊ नका, शुगरवाल्यांच्या किडनीला त्रास होतो.

फिजिओ_नाशिकरोड:
बरोबर. शेकून झाल्यावर टेबलाला टेकून हात सैल सोडून झुलवणं आणि भिंतीवर बोटांनी वर चढणं, दिवसातून दोन-तीनदा, ताण जाणवेल इतपतच. रात्री हात ठणकला तर दुसऱ्या दिवशी कमी करा.

सिडकोकर:
आत्ताच करून बघितलं. उजवा हात छान बाहेर वळतो, डावा मी वळवूनही जेमतेम हलतो. दम वगैरे काही नाही. उद्या संध्याकाळची अपॉइंटमेंट घेतली, शुगरचे तीन महिन्यांचे रिपोर्ट काढून ठेवलेत. मावशी, रात्री उशी कुठे ठेवायचात?

पंचवटीतली मावशी:
उजव्या कुशीवर झोपव आणि डाव्या हाताखाली छातीशी उशी दे, हात लोंबायला नको. मला तेवढ्यानेच पहाटेपर्यंत झोप लागायची.