'गेरिला ग्रो'ला मराठीत काय म्हणायचं? (गनिमी लागवड चालेल का)

अर्धविराम:
एका माहितीपटाची सबटायटल्स करतेय, त्यात अडलंय. विषय उत्तर कॅलिफोर्निया. हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या तीन काउंट्यांच्या पट्ट्याला तिकडे एमराल्ड ट्रँगल म्हणतात, तिथं सरकारी जंगलात, डोंगरउतारावर, झाडोऱ्याच्या आड लोक गांजा लावायचे आणि १९८३ पासून सरकारने हेलिकॉप्टरं लावून तो उपटायची मोहीम काढली, वगैरे. अशा लपवलेल्या शेतीला ते 'गेरिला ग्रो' म्हणतात. मी "गनिमी लागवड" लिहिलं तर तपासणाऱ्या सरांचा शेरा आला, "गनिमी हा शब्द महाराजांच्या युद्धनीतीशी जोडलेला आहे, गांजाला वापरू नये." शब्द बदलायला माझी ना नाही पण दुसरा सुचत नाहीये. ओळीत जागा कमी असते, "जंगलात लपवून केलेली बेकायदेशीर लागवड" बसणार नाही. शनिवारपर्यंत द्यायचंय.

खानदेशी_पाव्हणा:
ताई, चोरटी लागवड लिहा अन मोकळ्या व्हा. आमच्याकडे शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या अंगाला वनजमिनीवरच्या गांजावर धाड पडली की बातमीत काहीतरी असंच असतं, नाहीतर सरळ "कपाशीच्या आड गांजाची शेती". कपाशी नाहीतर तूर, आड काहीतरी लागतंच. एकदा एका हवालदाराने शेतकऱ्याला विचारलेलं मी कानाने ऐकलंय, "हे कसलं आंतरपीक हो काका?"

सांजवात:
आंतरपीक!! 😂 तेच लिहा.

मोडीवाचक:
सरांचा शेरा भावनेपोटी आहे, भाषेला धरून नाही. गनीम हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, अर्थ शत्रू, लुटारू. गनीमत म्हणजे लूट. मोगलांचे लोक मराठ्यांना गनीम म्हणायचे, म्हणजे ती मुळात शिवी होती आणि आपण ती उचलून छातीवर लावली. आणि कावा म्हणजे घोडा गोल फिरवणं, हूल देणं. गेरिला पण असाच, स्पॅनिशमध्ये गेरा म्हणजे युद्ध आणि त्याचं लहान रूप गेरिया म्हणजे छोटं युद्ध, नेपोलियनचं सैन्य स्पेनमध्ये घुसलं तेव्हा गाजलेला शब्द. इतका अचूक जोड मिळत असताना तो सोडायचा कशाला?

शुद्धमती:
अचूक कसा? 'गनिमी कावा' ही जोडी आहे, त्यातला कावा काढला की उरतं फक्त 'शत्रूची'. गनिमी लागवड म्हणजे शत्रूने केलेली लागवड. अर्थ लागतो का काही? आणि शेवटी तो परकीय शब्दच. 'छुपी लागवड' हा आपला शब्द असताना अरबी कशाला?

मोडीवाचक:
छुपी हा हिंदी छुपना वरून आलाय, तो कधीपासून आपला झाला? आणि वनखात्याच्या बाजूने बघितलं तर ती शत्रूचीच लागवड की.

माळीण_हौशी:
मी बागकामाच्या एका लेखात 'गनिमी बागकाम' वापरलं होतं, कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली ग्रीन गेरिलाज नावाचा गट निघाला, पडीक प्लॉटमध्ये कुंपणावरून बियांचे गोळे फेकायचे. तो गेरिला आणि हा गेरिला एकच, परक्याच्या जागेत न विचारता लावणे. फुलं लावली की कौतुक आणि गांजा लावला की महाराज आठवतात, एवढाच फरक.

पंचनामा_वाचून_थकलेला:
३१ वर्षं कोर्टात कारकुनी केली, म्हणून थोडं. कायद्याच्या भाषेत शब्द 'लागवड' हाच आहे, चोरटी बिरटी काही नाही, बिनपरवाना केली की गुन्हा, लपवली काय आणि रस्त्याकडेला लावली काय. १९८५च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरा आलेले शेंडे. बी आणि पानं शेंड्यासोबत नसतील तर ती व्याख्येत येत नाहीत, म्हणून तर पानांची भांग त्या कायद्यातून सुटते आणि तिचं काय करायचं ते राज्य ठरवतं. यामुळेच पंचनाम्यात ते ठरलेलं वाक्य असतं बघा, "हिरवट रंगाची, उग्र वासाची, पाने फुले बोंडे काड्या बिया संलग्न असलेली झाडे". त्यातल्या 'संलग्न' या एका शब्दावर वकील दोन दोन तारखा भांडतात. तेव्हा ताई, माहितीपटात कुठे 'भांगेची शेती' लिहू नका, कायद्यात भांग आणि गांजा वेगळे आहेत. बाकी अंमली पदार्थ हा सगळा घोळच आहे.

शुद्धमती:
अमली. अंमली नव्हे. मूळ अरबी अमल, अनुस्वार कुठून आला?

पंचनामा_वाचून_थकलेला:
बाई, ३१ वर्षं अंमली लिहिलंय, आता निवृत्तीनंतर काढू का अनुस्वार?

मोडीवाचक:
अंमलबजावणीतला अनुस्वार पण काढा मग. आणि मघाशी अरबी नको होतं ना तुम्हाला, आता अनुस्वारासाठी अरबी चालतं.

स्नोमध्ये_मराठी:
टोरंटोहून. इथे २०१८ पासून घरी चार झाडं लावायची परवानगी आहे, त्यामुळे चोरटी वगैरे काही उरलं नाही, पण त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातला किस्सा सांगते. सासूबाईंनी मागच्या अंगणात अंबाडी पेरली, छान कमरेइतकी वाढली. शेजारचे आजोबा कुंपणाशी येऊन हळूच म्हणाले, तुमची चारपेक्षा जास्त दिसतायत. मला कळेचना. मग पानाकडे नीट बघितलं, हाताच्या बोटांसारखी कातरलेली, अगदी तीच. नंतर कळलं की अंबाडीच्या शास्त्रीय नावातच ते आहे, हिबिस्कस कॅनाबिनस. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी त्याच आजोबांना ज्वारीच्या कण्या घातलेली भाजी नेऊन दिली, दोनदा मागून खाल्ली त्यांनी.

सांजवात:
टोरंटोत ज्वारीच्या कण्या कुठे मिळतात??

अर्धविराम:
किस्सा भारी आहे पण माझा शब्द राहिला. अजून एक, पहिल्या मसुद्यात सॉफ्टवेअरने 'वीड'चं 'तण' केलं होतं. "ते रोज संध्याकाळी तण ओढत बसायचे."

खानदेशी_पाव्हणा:
ते तर आम्ही पण ओढतो, मजूर मिळत नाही.

कृष्णाकाठ:
तण आणि भांग यांचं नातं मराठीत आधीपासून आहे की. आमच्याकडे सांगली-साताऱ्याकडे खुरपणीला भांगलण म्हणतात. भांगलण म्हणजे शेतातली भांग काढणे! आजोबा सांगायचे. आणि "तुळशीत भांग" म्हणतोच आपण. म्हणजे भांग हेच मूळ तण, इंग्रजांनी पण तेच केलं.

मोडीवाचक:
आजोबांना नमस्कार, पण हे पटत नाही. केसांचा भांग पाडतो त्यात पण गांजा आहे का? तो भंग, म्हणजे फोडणे, वेगळं करणे. ओळीतली जमीन फोडत जाणं म्हणजे भांगलण, असं मला वाटतं.

कृष्णाकाठ:
तुम्हाला वाटतं आणि आजोबांनी ६० वर्षं भांगललं. तुम्ही शेवटचं खुरपं कधी धरलं होतं?

नवशिका_७:
मग रंजले-गांजले मधलं गांजले? गांजा ओढून ओढून हाल झालेले?

शुद्धमती:
नाही हो. गांजणे म्हणजे छळणे, संस्कृत गञ्ज, तुच्छ लेखणे. कृपा करा.

आणि मूळ प्रश्नाबद्दल, संस्कृतात शब्द तयार आहे. पाणिनीने शेतांची नावं कशी करायची ते सांगताना तीळ, उडीद, जवस यांच्यासोबत भंगाही घेतली आहे. तिळाचं शेत तिल्य किंवा तैलीन, तसं भांगेचं शेत भंग्य किंवा भांगीन. 'गुप्त भांगीन' असा सुंदर, अर्थवाही शब्द होऊ शकतो.

सांजवात:
नागीण वाटते ती.

पंचनामा_वाचून_थकलेला:
आणि मी वर भांग लिहू नका म्हणालो ते पाण्यात गेलं.

मोडीवाचक:
पण शुद्धमती, पाणिनीचा दाखला खरंच चांगला काढलात. फक्त बघा, पाणिनीच्या यादीत ते तिळा-उडदासारखं उघडं शेत आहे. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये गांजाची चौकशी करायला मोठा आयोग नेमला होता, त्याच्या अहवालात मुंबई इलाख्यातला गांजा म्हणजे मुख्यतः नगर जिल्हा, परवान्याने, राजरोस पिकवलेला. बंगालात तर नौगावला नर झाडं हुडकून उपटणारा पगारी जाणकार असायचा. सांगायचं काय, तर लपवायची गरजच नव्हती तेव्हा लपवलेल्या शेताला शब्द कुठून येणार? मराठीत गांजासाठी चिलीम आहे, छापी आहे, दम आहे, गंजेडी आहे, सगळे शब्द ओढणाऱ्याचे. लावणाऱ्याला नुसतं शेतकरी म्हणायचे. आता जे काय करायचं ते नव्यानेच करावं लागणार, म्हणून माझं मत अजूनही गनिमी.

माळीण_हौशी:
+१

शुद्धमती:
छापी नाही साफी. चिलमीला गुंडाळायचं फडकं. साफ करणे वरून.

कृष्णाकाठ:
आमच्याकडे छापीच. देवळामागे बसणाऱ्या बुवांच्या तोंडून ऐकलंय, त्यांना जाऊन शुद्धलेखन शिकवा.

अर्धविराम:
सगळ्यांचे आभार. वेळ संपत आली म्हणून काल रात्री "चोरटी लागवड" लिहून पाठवून दिलं. सरांचं उत्तर आलं की चोरटी नको, कारण माहितीपटातल्या म्हातारबाबांचं म्हणणंच असं आहे की आम्ही चोर नव्हतो, जमीन सगळ्यांची होती. ते बरोबर पण आहे, तो माणूस तीन प्रसंग तेवढंच बोलतो. आता त्यांनी स्वतःच "गेरिला शेती" केलंय आणि एका ठिकाणी टंकताना गोरिला झालंय, ते कळवायचं आहे.

मोडीवाचक:
गेरिला चालतो आणि गनिमी चालत नाही. घ्या.

शुद्धमती:
छुपी चाललं असतं. असो. त्या छापीचं मात्र कोशात बघून सांगते.

सांजवात:
टोरंटोताई, कण्यांचं राहिलं. आणि अंबाडीचं बी इकडून नेलं का तिकडे मिळतं?

स्नोमध्ये_मराठी:
बी इथेच, एका आंध्रच्या बाईंकडून. त्या गोंगुरा म्हणतात. पण त्यांची लाल देठाची आहे आणि सासूबाईंच्या मते ती अंबाडीच नव्हे.

खानदेशी_पाव्हणा:
सासूबाई बरोबर आहेत.

कृष्णाकाठ:
अजिबात नाही, लाल देठाचीच खरी.