आंतरवासितेचे दिवस मोजायचे, की हाताखालून गेलेली जनावरे?

जुना दवाखाना (निवृत्त पशुधन विकास अधिकारी, सातारा)

पशुवैद्यकाच्या पदवीला साडेपाच वर्षे लागतात. त्यातली साडेचार अभ्यासक्रमाची आणि शेवटचे एक आंतरवासितेचे, म्हणजे इंटर्नशिपचे. पूर्वी सहा महिन्यांची असलेली ही आंतरवासिता पशुवैद्यकीय शिक्षणाच्या २०१६ च्या किमान मानकांनी वर्षाची केली. त्या वर्षात विद्यार्थ्याची राज्य पशुवैद्यक परिषदेकडे तात्पुरती नोंदणी असते आणि ते समाधानकारकरीत्या संपल्याखेरीज कायम नोंदणी होत नाही. व्यवस्था कागदावर चोख आहे. माझा आक्षेप मोजमापाला आहे, कारण आपण दिवस मोजतो, काम मोजत नाही.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत माझ्या हाताखाली नव्याने रुजू झालेला एक तरुण डॉक्टर पहिल्याच आठवड्यात अडलेल्या म्हशीपाशी उभा होता. गर्भाशयाला पीळ पडला आहे हे त्याने बरोबर ओळखले. हात आत घातल्यावर वळ्या बोटांना लागतही होत्या, पण त्या उजवीकडे वळल्या आहेत की डावीकडे, हे त्याला सांगता येईना. अशा म्हशीला आडवी पाडून, कुशीवर फळी दाबून धरून, पिळाच्याच दिशेने लोळवावे लागते आणि दिशा चुकली तर पीळ आणखी आवळतो. हे त्याने वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. त्याच्या नोंदवहीत अडलेल्या वेताच्या रकान्यात सह्याही होत्या. खोदून विचारल्यावर कळले की ती सगळी वेते त्याने जनावर अडकवायच्या खोड्याच्या बाहेर उभे राहून पाहिली होती.

म्हणून माझे म्हणणे असे की वर्षातले निदान सहा महिने तालुक्याच्या दवाखान्यात जावेत आणि गाभण तपासणी, अडलेले वेत, शिरेतून औषध देणे, शवविच्छेदन अशी काही कामे ठरावीक संख्येने स्वतःच्या हाताने केल्याशिवाय कायम नोंदणी मिळू नये. प्रत्येक कामापुढे समोर उभ्या असलेल्या पशुवैद्यकाची सही आणि त्याचा नोंदणी क्रमांक असावा.

आंतरवासी, मराठवाडा

सर, आपला अनुभव खोटा नाही, पण त्यावरचा उपाय माझ्यासारख्याच्या गळ्यात पडणार आहे. समोर उभा असलेला पशुवैद्यक आणायचा कुठून? मी सध्या ज्या दवाखान्यात आहे, तिथल्या डॉक्टरांकडे आणखी दोन दवाखान्यांचा अतिरिक्त कार्यभार आहे. ते मंगळवारी येतात, आले तर दीड-दोन तास थांबतात आणि त्यातला निम्मा वेळ लसींचे अहवाल भरण्यात जातो. त्यांचा दोष नाही, माणूस एकच आहे. पण मला दाव्याची गाठ कशी मारायची इथपासून बैलाच्या नाकातली वेसण कशी धरायची इथपर्यंत सगळे दवाखान्यातल्या परिचरांनी शिकवले, आणि त्यांच्या सहीला किंमत नाही.

संख्येचा आग्रहही मला धोक्याचा वाटतो. २०२२ मध्ये लम्पीची साथ पसरली तेव्हा आमच्या वरच्या वर्गातल्यांना लसीकरणाला पाठवले होते. त्यांनी गोठ्यामागून गोठे पालथे घातले, शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचत फिरले आणि नोंदवह्या भरून गेल्या. त्यातून त्यांच्या हाताला जे वळण लागले ते पहिल्या पन्नास जनावरांतच लागले असणार. उलट अडलेले वेत मागून मिळत नाही. सहा महिन्यांत दोनच आली तर मी काय करावे? आकडा गाठण्यासाठी नोंदी रंगवल्या जातील, आणि आज ज्या सह्यांवर आपण बोट ठेवता त्याच सह्या उद्या क्रमांकासकट मिळतील.

पशुधन पर्यवेक्षक, सोलापूर जिल्हा

परिचरांचा उल्लेख आलाच आहे तर आमचाही व्हावा. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार आमच्यासारख्या पदविकाधारकाला लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशा किरकोळ सेवा देता येतात, त्याही राज्य सरकारने आदेशाने परवानगी दिल्यावर आणि नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. कायदा असे सांगतो. प्रत्यक्षात पशुवैद्यक नसताना दवाखाना मी उघडतो, आणि आंतरवासी आला की खच्चीकरणाच्या बर्डिझो चिमट्यात रेतवाहिनी नेमकी कशी पकडायची हे मीच दाखवतो, कारण दुसरे कोणी नसते. जुना दवाखाना साहेबांना विचारतो, यात देखरेख कोणाची कोणावर आहे? निदान या किरकोळ कामांपुरती आमची सही ग्राह्य धरावी. पदवीशी बरोबरी करण्याचा हेतू यात नाही.

अध्यापिका, पशुवैद्यकीय महाविद्यालय

मला या चर्चेत तालुक्याच्या दवाखान्याचे जे गोडवे गायले जात आहेत त्यांचेच आश्चर्य वाटते. मुंबईचे महाविद्यालय १८८६ मध्ये परळला निघाले ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाच्या आवारात. शिकवणे आणि उपचार एका छताखाली असावेत हा विचार तेव्हापासूनचा आहे आणि तो चुकीचा ठरलेला नाही. महाविद्यालयाच्या रुग्णालयात आंतरवासी रक्त तपासतो, सोनोग्राफीवर गर्भ पाहतो, निदान चुकले तर का चुकले हे दुसऱ्या दिवशी वर्गासमोर सांगतो. दवाखान्यात मात्र ताप दिसला की प्रतिजैविक टोचून पुढच्या जनावराकडे वळण्याची सवय लागते. पहिल्या सहा महिन्यांत लागलेली अशी सवय पुढे तीस वर्षे जात नाही. हे मी निवृत्तीला आलेल्या डॉक्टरांतही पाहिले आहे.

आणि जनावराचा विचार कोणी केला? एका गायीची गाभण तपासणी सहा जणांनी गुदाशयात हात घालून पाठोपाठ केली तर तिथले आतले अस्तर सोलवटते आणि हातमोज्याला रक्त लागते. म्हणून मी आधी कत्तलखान्यातून आणलेल्या म्हशीच्या गर्भाशयांवर हात फिरवायला लावते. डोळे बांधून बीजांड शोधायचे, त्यावरचा, बीज सुटल्यावर तयार होणारा पीतपिंड बोटांनी ओळखायचा, आणि ते जमल्यानंतरच जिवंत जनावराकडे जायचे. संख्या मोजायचीच असेल तर इथे मोजा. या पायरीवर जनावराला इजा होत नाही आणि खोटी नोंद करण्याचे कारणही उरत नाही. पर्यवेक्षकांच्या सहीला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. हात त्यांचे कुशल असतीलही, पण निर्णयाची जबाबदारी ज्याच्या नोंदणीवर येते त्यानेच सही करावी.

म्हैसवाला, सांगली

आपण सगळे शिकणाऱ्याच्या आणि शिकवणाऱ्याच्या बाजूने बोलत आहात, म्हैस मात्र माझी आहे. आज चांगल्या दुधाची मुऱ्हा लाखाच्या पुढे जाते, आणि तिच्यावर शिकाऊ हात फिरणार असेल तर मला आधी विचारलेच पाहिजे, असे माझे पहिले म्हणणे आहे.

पण मागच्या हिवाळ्यात व्यायल्यानंतर दुसऱ्या दिवशी आमची म्हैस मान कुशीत वळवून बसली, उठेना. डॉक्टरसाहेबांनी सोबतच्या मुलाला मानेची शीर शोधायला लावली आणि कॅल्शियमची बाटली त्याच्याच हातात दिली. स्वतः मात्र म्हशीच्या डाव्या कोपराच्या मागे ठोके ऐकायची नळी लावून खाली बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत. मध्येच म्हणाले, "बाटली खाली घे, ठोके चुकतायत." मुलाने खाली घेतली, ते थोडे थांबले, मग परत सुरू करायला सांगितले. तासाभरात म्हैस उठून शेण टाकून उभी राहिली. त्या दिवशी तो मुलगा शिकला याचे मला वाईट वाटले नाही. साहेब बाहेर फोनवर बोलत बसले असते तर मी बाटली काढून घेतली असती. आणि अशा वेळी जनावर दगावले तर भरपाई कोणी द्यायची, हेही एकदा लिहून ठेवावे.

जुना दवाखाना

म्हैसवाल्यांनी जे सांगितले तेच मला सांगायचे होते आणि मी सह्यांत अडकलो. ठरावीक संख्येचा आग्रह मी सोडतो. आंतरवासीचे गणित बरोबर आहे, मागून न मिळणाऱ्या कामाचा आकडा ठरवता येत नाही. त्याऐवजी ज्या दवाखान्यात पूर्णवेळ पशुवैद्यक आहे आणि त्याच्याकडे दुसरा कार्यभार नाही, तिथेच आंतरवासी पाठवावा, अन्यथा त्याला महाविद्यालयात ठेवावे.

अध्यापिकाबाईंचा गर्भाशयांवरचा सराव मला पूर्ण मान्य आहे, पण सगळे वर्ष रुग्णालयात काढणे मान्य नाही. तिथे येणारे जनावर टेम्पोत चढवून आणलेले असते आणि बरेचदा आधी दोन ठिकाणी उपचार झालेले असते. रात्री दहा वाजता विजेरीच्या उजेडात, चिखलात, मालकाची बायको रडत असताना घेतलेला निर्णय तिथे शिकवता येत नाही. सवयी बिघडतात हे खरे, पण त्या मोडणारा माणूस शेजारी उभा असेल तर तिथेच मोडतात. पर्यवेक्षकांच्या सहीबद्दल माझे मत अजून ठरत नाही. मी स्वतः टाके घालायला एका पर्यवेक्षकांकडून शिकलो, त्यामुळे नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

आंतरवासी, मराठवाडा

सर, आपली नवी अट मला मान्य आहे. फक्त आमच्या तुकडीतले बहुतेक जण तिच्यामुळे महाविद्यालयातच राहतील, आणि मग बाईंचे म्हणणे आपोआप खरे होईल. आज मंगळवार होता. डॉक्टर पावणेबाराला आले, माझ्या नोंदवहीवर आठवड्याच्या सात सह्या एकदम झाल्या, आणि सोमवारी पोट फुगून मेलेल्या शेळीविषयी विचारायचे राहून गेले.