गरम जॉब आणि अमोनियाचा वास

कारखान्यातल्या जुन्या दिवसांच्या आठवणींच्या या धाग्यावर कॅन्टीनच्या उसळीबद्दल आणि सातच्या भोंग्याबद्दल वर भरपूर लिहून झालंय, त्यामुळे मी टूल रूमबद्दल, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवायच्या विभागाबद्दल, लिहितो. १९६२ साली एमआयडीसी सुरू झाली ती ठाण्याच्या वागळे इस्टेटपासूनच. आमची कंपनीही तिथलीच.

लेथवरून जॉब (मशीनवर घडवलेला धातूचा भाग) उतरला की नवीन पोरं लगेच मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) लावायची. आमचे चार्जहँड (मुकादम) ओरडायचे, "अरे, निवू दे की आधी!" कारण साधं होतं. १०० मिलिमीटरचा स्टीलचा जॉब २० अंशांनी तापला की जवळपास ०.०२ मिलिमीटर वाढतो. ड्रॉइंगवर टॉलरन्सच (मापात चालणारा फरक) तेवढा असेल तर गरम असताना पास झालेला जॉब निवल्यावर अंडरसाइज (मापापेक्षा लहान) निघायचा आणि थेट स्क्रॅपमध्ये जायचा. कॉलेजात हे शिकवतात, पण डोक्यात शिरतं ते शिव्या खाल्ल्यावरच.

ड्रॉइंग ऑफिसात ड्रॉइंगच्या प्रती काढायला अमोनिया प्रिंटिंगचं मशीन होतं. ट्रेसिंगवरून प्रिंट निघायची तेव्हा डोळ्यांतून पाणी यायचं. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड आल्याचा सर्वांत जास्त आनंद बहुधा त्या मशीनवाल्यालाच झाला असेल!

वर कुणीतरी लिहिलंय की तेव्हा 'सगळे एका कुटुंबासारखे' होते. खंडेनवमीला मशीन धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालताना होतेही. ओव्हरटाइमच्या याद्या लागल्या की मात्र नव्हते. साहेबांच्या मर्जीतली नावं कायम वरच असायची, हे जुन्या लोकांनी तरी विसरू नये.

नवी मुंबईत ऐरोली-रबाळ्याच्या बाजूला काम केलेलं कुणी आहे का इथे? ठाणे-वाशी लोकल २००४ ला आली. त्याआधीच्या कंपनी बसबद्दल लिहा की.