घड्याळ आणि कॅलरी ॲप जोडल्यावर एकच चालणे दोनदा मोजले जाते का?

गोल्फक्लब_पहाट: नमस्कार. माझे वय ४४, उंची १६८ सेंमी आणि वजन ७८ किलो आहे. नोकरी सातपूरला असून दिवस खुर्चीतच जातो. मात्र रोज पहाटे गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर तासभर चालतो. मनगटावरचे घड्याळ कॅलरी मोजणाऱ्या ॲपला जोडलेले आहे आणि घरी आल्यावर 'चालणे, ६० मिनिटे' अशी नोंद मी जुन्या सवयीने हातानेही करतो. ॲपमध्ये रोज ५०० कॅलरींची तूट ठरवली आहे, ॲपने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे मी खात नाही, तरीही दोन महिन्यांत जेमतेम पावणेदोन किलो वजन उतरले. काल रात्री पाहिले तर व्यायामाखाली ६३५ कॅलरी जमा होत्या: 'घड्याळ समायोजन ३६२' आणि 'चालणे २७३'. घड्याळाच्या मते दिवसभराचा एकूण खर्च २३०० होता. हे दोन्ही आकडे एकाच चालण्याचे आहेत का?

इंदिरानगरचा_जॉगर: होय, एकाच चालण्याचे आहेत. मिफ्लिन-सेंट जिऑर सूत्राने तुमचा विश्रांतीतला खर्च १० × ७८ + ६.२५ × १६८ − ५ × ४४ + ५, म्हणजे १६१५ येतो. बैठ्या जीवनशैलीसाठी त्याला १.२ ने गुणले की १९३८ होतात. ॲप तुमचा दिवस एवढ्याच खर्चाचा धरते. घड्याळाचे २३०० मात्र झोप, बसणे आणि चालणे या सगळ्यांसह आहेत, त्यामुळे दोहोंतला फरक ३६२ म्हणजेच तुमची त्या दिवसाची सारी जादा हालचाल, आणि पहाटेचे चालणे त्यात आधीच आलेले आहे.

आता ताटाकडे पाहा. १९३८ मधून ५०० वजा जाता १४३८ उरतात. त्यांत ६३५ मिळवून तुम्ही २०७३ कॅलरी खाल्ल्या, म्हणजे २३०० च्या खर्चापुढे तूट फक्त २२७ राहिली. पावणेदोन किलोंचा हिशेब इथेच लागतो. शिवाय हाताने केलेल्या नोंदीचे २७३ हे त्या तासाचे एकूण आकडे आहेत, आणि नुसते बसून राहिला असतात तरी त्यांतले सुमारे ६७ खर्च झालेच असते.

तेव्हा हाताची नोंद काढा, जीवनशैली 'बैठी'च राहू द्या आणि ॲपमध्ये नकारात्मक समायोजनाची सोय असल्यास ती सुरू करा, म्हणजे आळसाच्या दिवशी मर्यादा खालीही येईल. काही ॲप्स उरलेल्या दिवसाचा अंदाज बांधून समायोजन दाखवतात. तसे असेल तर सकाळचा मोठा आकडा रात्रीपर्यंत घटतो, त्याच्या भरवशावर दुपारीच जादा जेवू नये.

पंचवटी_सायकलवाली: याच्या जोडीला पावलांचा उगमही तपासावा. फोन खिशात आणि घड्याळ मनगटावर असले की दोघेही पावले लिहितात, आणि वाचणारे ॲप ती वेगळी करू शकले नाही तर बेरीज फुगते. अँड्रॉइडवर हेल्थ कनेक्टमध्ये (आरोग्याची माहिती एका ॲपकडून दुसऱ्याला देणारी सोय) जाऊन फोनच्या पावले मोजणाऱ्या ॲपची लिहिण्याची परवानगी बंद करणे मला सर्वांत सोपे वाटले. आयफोनवर हेल्थ ॲपमध्ये पावलांच्या स्रोतांचा क्रम लावून घड्याळ वर ठेवता येते. घड्याळ थेट आणि हेल्थ कनेक्टमार्फत, अशा दोन्ही वाटांनी ॲपला जोडू नका. माझ्याकडे हीच चूक चार महिने होती.

मिसळ_पण_मोजून: मी तर व्यायामाच्या कॅलरी जमा करणेच बंद केले आहे. मनगटावरचा आकडा शेवटी अंदाजच असतो. खड्ड्यांतून दुचाकीवर ऑफिसला जातानाही माझे घड्याळ पावले मोजते. रविवारच्या मिसळीतली तर्री कोण मोजतो, हा प्रश्न वेगळाच.

इंदिरानगरचा_जॉगर: तसे करायला हरकत नाही, पण मग जीवनशैली 'बैठी' ठेवून चालणार नाही, कारण रोजचा तासभराचा खर्च हिशेबात कुठेच येणार नाही. दोहोंपैकी एकच पद्धत निवडावी.

गोल्फक्लब_पहाट: सर्वांचे आभार. हाताची नोंद काढली. हेल्थ कनेक्ट उघडल्यावर फोनचे ॲपही गुपचूप पावले लिहीत असल्याचे आढळले, तेही बंद केले. आज फेरी संपल्यावर समायोजन ४१० दिसत होते, आता रात्री दहा वाजता ते ३४८ वर आले आहे, आणि 'चालणे' ही वेगळी ओळ कुठेही नाही.