मदत हवी आहे : दैनंदिन पावसाच्या नोंदीतून मान्सूनची अनियमितता कशी मोजावी?

नमस्कार.

उष्णकटिबंधीय मान्सून हवामानाच्या प्रदेशातील एका पर्जन्यमापकाची सलग ३० वर्षांची दैनंदिन नोंद माझ्या हाती आली आहे आणि तिच्यावरून तिथल्या पावसाची अनियमितता मांडण्याचा प्रयत्न मी गेले काही महिने करते आहे. काम दोन ठिकाणी अडले आहे, म्हणून हा धागा काढला. जाणकारांनी माझ्या चुका दाखवल्या तर मी ऋणी राहीन.

आधी पार्श्वभूमी सांगते. तापमान आणि पाऊस यांवरून हवामानाचे प्रकार ठरवणाऱ्या कोपेनच्या वर्गीकरणानुसार ज्या उष्णकटिबंधीय ठिकाणी सर्वांत कोरड्या महिन्याचा पाऊस ६० मिमीपेक्षा कमी, पण वार्षिक पावसाला २५ ने भागून १०० मधून वजा केल्यावर येणाऱ्या आकड्याइतका किंवा त्याहून अधिक असतो, ते ठिकाण मान्सून हवामानात मोडते. वार्षिक पाऊस १५०० मिमी असेल तर ही मर्यादा ४० मिमी येते, २००० मिमी असेल तर २० मिमी, आणि २५०० मिमी झाला की ती शून्यावर उतरते. म्हणजे काही महिने टिपूसही न पडणारे ठिकाण आणि बाराही महिने थोडाफार पाऊस असणारे ठिकाण एकाच गटात येऊ शकतात. त्यामुळे हवामानाच्या नावावरून पावसाच्या वागणुकीबद्दल फारसे काही कळत नाही, असे माझे मत झाले आहे.

पहिली अडचण ऋतूच्या बेरजेची आहे. मी प्रत्येक वर्षाच्या पावसाळ्याची बेरीज घेतली, तिची सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याचे माप) काढले, आणि विचलनाला सरासरीने भागून गुणांक काढला. तो बराच लहान आला. परंतु ज्या दोन वर्षांच्या बेरजा जवळजवळ सारख्या आहेत, त्यांच्या रोजच्या नोंदी शेजारी ठेवल्या तर ती दोन वर्षे एकाच ठिकाणची वाटत नाहीत. एका वर्षी पाऊस नियमित अंतराने पडत राहिला आहे, तर दुसऱ्या वर्षी तीन आठवड्यांचा खंड पडून पुढच्या दहा दिवसांत सगळी तूट भरून निघाली आहे. हा फरक दाखवणारे एकच विश्वासार्ह माप आहे का?

दुसरी अडचण मला अधिक अस्वस्थ करते. मध्य भारतावरील अभ्यासांतून १९५० नंतर अतिवृष्टीच्या घटना वाढल्याचे आणि मध्यम पावसाच्या घटना कमी झाल्याचे दिसून आले आहे. हवा एक अंश सेल्सियसने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते आणि ते मला पटते. माझी नोंद मात्र नेमके उलटे सांगते. शेवटच्या नऊ वर्षांत पावसाचे दिवस, म्हणजे २.५ मिमी किंवा अधिक पाऊस झालेले दिवस, स्पष्टपणे वाढले आहेत आणि ६४.५ मिमी किंवा अधिक पावसाचे दिवस घटले आहेत. ऋतूच्या बेरजेत मात्र काहीच बदल नाही. हे खरे असेल तर ते महत्त्वाचे आहे. खरे नसेल तर ते लिहून लोकांपुढे ठेवण्याआधी मला समजले पाहिजे.

प्रतिसाद १

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. एकच माप शोधू नका, कारण मान्सूनच्या पावसात एकाच वेळी वेगवेगळ्या कालावधींचे चढउतार मिसळलेले असतात आणि ऋतूची बेरीज घेतली की त्यांतले लहान कालावधीचे चढउतार एकमेकांना खोडून टाकतात.

याचे ठळक उदाहरण २०२३ चे आहे. त्या वर्षी संपूर्ण भारताचा जून ते सप्टेंबरचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९४ टक्के होता. ही सरासरी १९७१ ते २०२० या काळासाठी ८७ सेंमी धरली जाते आणि तिचे प्रमाण विचलन साधारण १० टक्के आहे, त्यामुळे नुसते ९४ टक्के वाचून कोणी दचकणार नाही. पण त्याच ऋतूत जुलैचा पाऊस सरासरीपेक्षा १३ टक्के अधिक होता आणि ऑगस्टचा ३६ टक्के कमी. १९०१ पासूनच्या नोंदीतला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ज्याला ऑगस्टमध्ये पाण्याची गरज होती त्याच्यासाठी ९४ या आकड्याला काहीच अर्थ नव्हता.

ऋतूच्या आतला हा चढउतार मुख्यतः १० ते २० दिवसांच्या आणि ३० ते ६० दिवसांच्या आवर्तनांतून येतो. भारतावर कमी दाबाची आस, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, मैदानी भागातून सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेली की मध्य भारतात उघडीप पडते. आस पुन्हा दक्षिणेकडे आली आणि बंगालच्या उपसागरावरून कमी दाबाची क्षेत्रे येऊ लागली की पाऊस जोर धरतो. वर्षावर्षांतला फरक वेगळ्या कारणांनी घडतो. एल निनोच्या, म्हणजे विषुववृत्ताजवळचा मध्य व पूर्व प्रशांत महासागर नेहमीपेक्षा तापलेला असण्याच्या, वर्षी पाऊस कमी पडण्याची शक्यता वाढते, परंतु ती खात्री नव्हे. १९९७ चा एल निनो अतिशय तीव्र होता आणि तरीही भारतात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. २०१५ चा एल निनोही तीव्र होता, आणि त्या वर्षी पाऊस ८६ टक्क्यांवर थांबला. हिंदी महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांच्या तापमानातला फरकही यात भाग घेतो. २०१९ मध्ये पश्चिम भाग पूर्वेच्या मानाने अधिक उबदार होता आणि पाऊस ११० टक्के झाला.

म्हणून माझी सूचना अशी की आपण बेरीज, पावसाच्या दिवसांची संख्या, पावसाच्या एका दिवसाची सरासरी तीव्रता आणि सर्वांत लांब खंडाचे दिवस हे चारही आकडे दर वर्षासाठी स्वतंत्र ठेवावेत. मध्य भारतासाठी जुलै-ऑगस्टमधील खंडाची जी व्याख्या रूढ आहे, म्हणजे प्रदेशाच्या सरासरी पावसातील प्रमाणित तफावत (नेहमीच्या पावसापासूनचा फरक भागिले प्रमाण विचलन) सलग तीन दिवस वा अधिक काळ उणे एकपेक्षा खाली राहणे, ती एका पर्जन्यमापकाला लावू नका, कारण ती विस्तीर्ण प्रदेशासाठी बनवलेली आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रावर २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला जेमतेम ७३ मिमी. एका भांड्यात जमलेल्या पाण्यावरून प्रदेशाबद्दल बोलताना हे उदाहरण सतत डोळ्यांसमोर ठेवावे.

प्रतिसाद २

आपल्या दुसऱ्या प्रश्नाने माझे लक्ष वेधले. पावसाचे दिवस वाढले, जोरदार पावसाचे दिवस घटले आणि बेरीज जशीच्या तशी राहिली, ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली की मी हवामानाचा विचार करण्याआधी नोंदवहीचा विचार करतो.

कृपया एक तपासणी करा. प्रत्येक नोंदीपुढे आठवड्याचा वार लिहा आणि प्रत्येक वारी किती वेळा पावसाचा दिवस नोंदला गेला हे मोजा. पावसाला वार माहीत नसतो, त्यामुळे ३० वर्षांत साती वारांची संख्या जवळपास सारखी आली पाहिजे. एखाद्या वारी ती लक्षणीय कमी असेल आणि त्याच्या पुढच्या दिवशी पावसाचे आकडे मोठे दिसत असतील, तर साप्ताहिक सुटीला मोजणी होत नव्हती आणि दोन दिवसांचे साठलेले पाणी दुसऱ्या दिवशी एकदम मोजले जात होते, असे समजावे. असे झाले की ४० मिमीचे दोन साधे दिवस वहीत एक शून्याचा आणि एक ८० मिमीचा दिवस म्हणून उतरतात. पावसाचा एक दिवस कमी होतो, जोरदार पावसाचा एक दिवस निर्माण होतो आणि ऋतूची बेरीज मात्र अचूक राहते.

शिवाय त्या ठिकाणी मधल्या काळात उपकरण बदलले का, हेही विचारून घ्या.

धागाकर्ती

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. तपासणी केली आणि बराच वेळ त्या तक्त्याकडे पाहतच बसले. पहिल्या २१ वर्षांत आठवड्याच्या एका वारी पावसाचे दिवस इतर वारांच्या मानाने फारच कमी आहेत आणि त्याच्या पुढच्या वारी जोरदार पावसाचे दिवस सर्वाधिक आहेत. शेवटच्या नऊ वर्षांत हा फरक पूर्णपणे नाहीसा होतो. चौकशी केल्यावर कळले की नऊ वर्षांपूर्वी तिथे स्वयंचलित पर्जन्यमापक बसवला गेला. नोंद ठेवणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी पाणी फेकून दिले नाही, जपून मोजले, म्हणून तर बेरीज खरी राहिली.

आता मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे आकडे दुरुस्त करावेत का, म्हणजे साठलेला पाऊस शेजारच्या केंद्राच्या प्रमाणात दोन दिवसांत वाटावा का? आणि पावसाच्या खंडांची लांबी मी जी मोजली होती, ती सगळी टाकून द्यावी लागेल का?

प्रतिसाद २ चे लेखक

वाटप करू नका. शेजारचे केंद्र किती वेगळे असू शकते याचे उदाहरण वर आलेच आहे. सुटीचा दिवस शून्य न मानता नोंद नसलेला दिवस माना आणि त्याच्या पुढच्या दिवसावर खूण करा. शून्य आणि नोंद नसणे यांतला भेद न पाळल्यामुळे जितके चुकीचे निष्कर्ष निघाले असतील, तितके गणिताच्या चुकांमुळे निघाले नसतील, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

त्यानंतर दोन कालखंडांची तुलना करताना दोन्हींतून ते दोन वार वगळा आणि उरलेल्या पाच वारांत पावसाच्या दिवसांचे प्रमाण किती येते ते पाहा. नव्या काळातूनही ते वार वगळणे आवश्यक आहे, नाहीतर तुलना पुन्हा विषम होईल. खंडांसाठी सलग पाच दिवसांच्या बेरजा वापरा. मान्सूनच्या अभ्यासात पाच दिवसांचा गट हे जुने आणि रुळलेले एकक आहे. सुटीचा दिवस आणि त्याचा पुढचा दिवस ही जोडी अधूनमधून दोन गटांच्या सीमेवर येईल, पण तीन आठवड्यांचा खंड त्याने लपणार नाही.

प्रतिसाद ३

वरील चर्चेत एक भर घालतो. स्वयंचलित पर्जन्यमापकांपैकी अनेकांत एक लहानशी बादली भरली की कलंडते आणि तेवढा पाऊस मोजला जातो. अतिशय जोराची सर आली की बादली कलंडत असतानाच्या क्षणांत पडलेले पाणी मोजणीतून निसटते, त्यामुळे योग्य दुरुस्ती केली नसेल तर तीव्र पाऊस प्रत्यक्षापेक्षा कमी नोंदला जातो. म्हणजे सुटीचा प्रश्न सोडवल्यावरही जोरदार पावसाच्या दिवसांत थोडी घट दिसली, तर तिचे कारण उपकरण असू शकते. नवा आणि जुना पर्जन्यमापक काही काळ शेजारी शेजारी चालवले गेले असतील तर त्या काळाची नोंद अवश्य मिळवा.

विचलन गुणांकाबद्दलही सावध राहा. सरासरी ३००० मिमी आणि विचलन ४५० मिमी असेल तर गुणांक १५ टक्के येतो. सरासरी ५०० आणि विचलन २०० असेल तर ४० टक्के. पहिल्या ठिकाणचा पाऊस मिलिमीटरमध्ये दुपटीहून अधिक बदलतो, तरी गुणांक त्याला स्थिर ठरवतो. कोरड्या महिन्यांत तर सरासरीच इतकी लहान असते की गुणांक भरकटतो. तिथे मध्यक (क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला) आणि चतुर्थके (त्यांचे चार समान भाग करणारे आकडे) वापरावीत.

धागाकर्ती

आपण सुचवल्याप्रमाणे सर्व काही पुन्हा केले. ते दोन वार वगळल्यावर पावसाच्या दिवसांतली वाढ जवळजवळ संपली. जोरदार पावसाच्या दिवसांतली घट बरीच कमी झाली असली तरी थोडी उरली आहे; परंतु असे दिवस मुळातच वर्षाकाठी मोजके असल्याने आणि उपकरणाचा प्रश्न बाकी असल्याने तिच्यावरून कोणताही कल मी सांगणार नाही. पाच दिवसांच्या गटांवरून काढलेले खंड मात्र दोन्ही कालखंडांत ठळकपणे दिसतात. ऋतूच्या बेरजेचा गुणांक लहान असलेल्या याच ठिकाणी सर्वांत लांब खंडाचे दिवस एका वर्षापासून दुसऱ्या वर्षापर्यंत कितीतरी पटींनी बदलतात, आणि मला सुरुवातीला जे सांगायचे होते ते हेच होते.

बेरीज या नोंदीतला सर्वांत भक्कम आकडा आहे, कारण मोजणीतल्या दिरंगाईने तो बिघडला नाही. पण त्याच कारणाने, म्हणजे दिवसांची अदलाबदल त्याला कळतच नसल्याने, खंडाबद्दल तो काही सांगू शकत नाही. हे मी आधी ओळखायला हवे होते.

एक शंका उरली आहे. पावसाळ्याची सुरुवात ठरवताना मी तीन दिवसांत २० मिमी पाऊस आणि त्यानंतरच्या ३० दिवसांत सात दिवसांहून मोठा खंड नसणे ही अट वापरली होती, जेणेकरून वळवाच्या सरींना सुरुवात समजले जाऊ नये. सुटीचे दिवस नोंद नसलेले मानल्यावर सात दिवसांची ही मर्यादा कशी तपासावी? नोंद नसलेला दिवस कोरडा धरला तर काही वर्षांची सुरुवात दोन आठवडे पुढे जाते, आणि ओला धरला तर ती होती तिथेच राहते. तूर्त मी दोन्ही तारखा तक्त्यात शेजारी शेजारी लिहिल्या आहेत. ज्यांनी अशा तुटक नोंदींवर काम केले आहे, त्यांनी आपली पद्धत कृपया सांगावी.