अमेरिकन जॅझ पियानोवादक हर्बी हॅन्कॉक ‘बाजारात उतरले’ या विधानास उत्तर

टिळकवाडीकर : “१९७३ नंतर हर्बी हॅन्कॉक यांनी जॅझ सोडून बाजार धरला,” असे शहापूरकर यांनी काल लिहिले, म्हणून हे सविस्तर उत्तर. अकराव्या वर्षी शिकागो सिम्फनीबरोबर मोझार्ट वाजवलेला आणि ग्रिनेल महाविद्यालयात आधी इलेक्ट्रिकल अभियांत्रिकी घेतलेला हा माणूस विजेच्या वाद्याकडे केवळ पैशासाठी वळला, असे कशावरून म्हणता? ध्वनिमुद्रणाला गेले तर नेहमीचा पियानो दिसेना; संचाचे प्रमुख, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी कोपऱ्यातल्या फेंडर ऱ्होड्स या विजेच्या पियानोकडे बोट दाखवले. ज्याला आजवर खेळणे समजत होते, त्याचा सूर ऐकताच आपले मत पालटले, अशी हकिकत हॅन्कॉक स्वतःच सांगतात.

शहापूरकर : हकिकत रम्य आहे; परंतु त्यांचा १९७३ चा ‘हेड हंटर्स’ हा अल्बम दहा लाखांवर खपला, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. माइल्स यांच्या संचातील १९६३ ते १९६८ चा त्यांचा पियानो ऐका. वेन शॉर्टर यांचा सॅक्सोफोन चालू असताना ते कित्येकदा हात आवरून गप्प राहतात. तो संयम कुठे, आणि १९८३ ची त्यांची ‘रॉकिट’ ही धून कुठे? त्यात तबकडी खरवडल्याचा आवाज! विसर्जनाच्या रात्री आमच्या गल्लीतून डीजे जातो तेव्हा खिडक्यांची तावदाने थरथरतात. तसले काही मी जॅझ म्हणून ऐकावे काय?

निपाणीकर : डीजेचा राग हॅन्कॉक यांच्यावर कशाला? मूळ दुखणे वाद्यांच्या सोवळ्याओवळ्याचे आहे. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) निघत नाही, वाद्य परके आहे, असे म्हणत ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीला दार बंद केले आणि ते सुमारे तीन दशके बंदच ठेवले. रामभाऊ विजापुरे यांनी मात्र बेळगावात पेटीच वाजवली आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकवली.

खानापूरकर : पेटीच्या आडून कीबोर्डची वकिली नको. आमच्या भजनी मंडळात वडील पेटीला बसत. भात्याचा हात किंचित सैल पडला तरी अभंगाचा रंग बदले. मग मंडळाने कीबोर्ड आणला. वाजवणाऱ्या पोराने तयार ठेक्याचे बटण दाबले, आणि पखवाजवाले काका मांडीवर हात ठेवून नुसते बसून राहिले.

टिळकवाडीकर : त्या पोराच्या पापाचे माप हॅन्कॉक यांच्या पदरात घालणे हा शुद्ध कांगावा आहे! ‘हेड हंटर्स’मधल्या ‘कमीलियन’ या रचनेचा सुरुवातीचा खर्जातला ठेका त्यांनी एआरपी ओडिसी या सिंथेसायझरवर स्वतःच्या बोटांनी वाजवला आहे. शिवाय ज्या दशकात त्यांनी बाजार धरला म्हणता, त्याच दशकात, १९७७ मध्ये, शॉर्टर, रॉन कार्टर, टोनी विल्यम्स आणि फ्रेडी हबर्ड यांच्याबरोबर ‘व्ही.एस.ओ.पी.’ या जॅझ संचाच्या दौऱ्यावर ते पियानोच वाजवत होते.

शहापूरकर : बरे, सत्त्याहत्तरच्या दौऱ्यापुरते मान्य, श्रावणी सोमवारी तेवढे सोवळे नेसणाऱ्यालाही आम्ही धार्मिक म्हणतोच. फक्त एवढेही नोंदवून ठेवा, की २००८ मध्ये वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी त्यांना मिळाले ते गायिका जोनी मिचेल यांच्या गाण्यांवरील अल्बमसाठी, आणि त्यात ते पियानोवर आहेत, ओडिसीवर नव्हे.