सिगरेट बंद केल्यावर खोकला उलट वाढला, आवाज पण बसलाय

हिंजवडी_शटल:
वय ३८, कॉलेजपासून ओढतोय, दिवसाला दहा-बारा, ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज असला की मोजत नाही. महिना झाला आवाज बसलाय, घशात सारखं काहीतरी अडकल्यासारखं वाटतं पण जेवण नीट जातं, सकाळी खाकरून खाकरून कफ काढावा लागतो. छातीत डावीकडे मधूनच टोचतं ते पण नुसतं बसलेलो असताना. जिना चढला की दम लागतो, पण वजनही वाढलंय त्यामुळे नक्की कशाने ते कळत नाही. घाबरून गेल्या आठवड्यात बंद केली तर खोकला दुप्पट! टपरीवरचे मित्र म्हणतात एकदम सोडली की बॉडीला झटका बसतो. रात्री गुगल करत बसतो आणि दर वेळी कॅन्सरच निघतो. आपला आपणच छातीचा एक्सरे काढून घेऊ का?

कंदी_पेढा:
भावा खोकल्याचं टेन्शन नको घेऊस. श्वासनळीत आतून बारीक केसांसारखे तंतू असतात, धुराने ते लुळे पडतात, ओढायचं बंद केलं की परत हलायला लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात. मला पण बरेच दिवस होता. झटका बिटका काही नसतं, चिडचिड होते, झोप उडते, सारखी भूक लागते, पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात बेकार आणि ते तुझे गेलेत. मित्रांना टपरीवर कंपनी पाहिजे, बाकी काही नाही. माझं खरं दुखणं चहा होता, कटिंग हातात आलं की दुसरा हात आपोआप खिशात, म्हणून काही दिवस चहाच घरी प्यायलो. सुट्टी सिगरेट विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे, पण टपरीवर मागून बघ, मिळतेच.

नाक_घसा_डॉक्टर:
खोकल्याचं वरचं बरोबर आहे पण आवाजाचं तसं सोडून देऊ नका. तीन आठवड्यांपेक्षा जास्त आवाज बसलेला आणि माणूस सिगरेट ओढणारा, म्हणजे स्वरयंत्र दुर्बिणीतून बघायचंच. छातीच्या एक्सरेत ते दिसत नाही, त्यामुळे एक्सरे नॉर्मल आला म्हणून सुटलो असं धरू नका. ओपीडीत काही मिनिटांचं काम आहे. बऱ्याचदा सूज किंवा अॅसिडिटी निघते, घशात अडकल्यासारखं वाटणंही पुष्कळदा त्यातलंच. आणि समजा वाईट काही असलंच तर स्वरयंत्राचा कॅन्सर आवाजामुळे लवकर पकडला जातो आणि लवकर पकडला तर चांगला बरा होतो. गिळायला त्रास, थुंकीत रक्त, मानेला गाठ, वजन उतरणं यातलं काही असेल तर उद्याच जा.
खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर थुंकी तपासा, सिगरेट ओढणाऱ्यांना टीबीचा धोका जास्त असतो, सरकारी दवाखान्यात फुकट होते. बसल्याजागी टोचणं बहुतेक स्नायूंचं असतं, तरी एक ईसीजी काढाच. चालताना छाती आवळली, घाम फुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी तडक हॉस्पिटल.

रॉयल_कारभार:
व्हेपवर (ई-सिगरेट) शिफ्ट हो, विषय संपला

कंदी_पेढा:
@रॉयल_कारभार विक्रीला २०१९ पासून बंदी आहे, आणि त्यात निकोटिनच असतं की बाबा

हिंजवडी_शटल:
थँक्स डॉक्टर, शनिवारची अपॉइंटमेंट घेतली. निकोटिनचा च्युइंगम आणला होता पण नुसती उचकी लागते, घसा जळतो, फेकून दिला.

नाक_घसा_डॉक्टर:
साधा च्युइंगम समजून चघळत राहिलात म्हणून. थोडा चावायचा, तोंडात चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की परत चावायचा, साधारण अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा-कॉफी नको, नाहीतर नीट शोषला जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगरेट लागायची का? मग २ मिलिग्रॅमचा पुरणार नाही कदाचित, ४ चा डॉक्टरांकडून लिहून घ्या, छातीचं दुखणं सांगा आणि ईसीजी दाखवूनच. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर पण खरंच चालतो, फुकट आहे, सोडताना मधेमधे फोन करून विचारपूस करतात.